हद्दीतली माणसं

२९ सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशी. पोलीस खात्यात या दिवसाला सुट्टी नसते, रजा नसते, आजारपणही शक्यतो नसतं. सकाळी हजेरी होते, बंदोबस्ताचे पॉइंट वाटून दिले जातात आणि शेवटचा गणपती पाण्यात गेल्याखेरीज कुणी बिल्ला उतरवत नाही. त्या वर्षी तर ताण दुप्पट होता. डिसेंबर १९९२ ची अयोध्या, जानेवारीतल्या मुंबईच्या दंगली, १२ मार्चचे बाँबस्फोट हे सगळं नुकतंच होऊन गेलेलं. मराठवाड्यातल्या प्रत्येक ठाण्याला वरून एकच ताकीद होती, मिरवणुका शांततेत पार पडल्या पाहिजेत.

त्या पार पडल्याही. मुख्यमंत्री शरद पवार राज्यभरातून विसर्जन उरकल्याच्या खबरा येईपर्यंत ‘वर्षा’ बंगल्यावर जागे होते, हे त्यांनी पुढे अनेकदा सांगितलं आहे. पाठ टेकतात तोच खिडक्यांची तावदानं वाजली. भूकंप म्हटलं की महाराष्ट्राला कोयना आठवायची, म्हणून पहिली चौकशी कोयनेला झाली. केंद्र तिथं नव्हतं. ते निघालं लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यात, किल्लारीपाशी. वेळ पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं.

या भूकंपावर पुष्कळ लिहिलं गेलं. भूगर्भशास्त्रज्ञांनी लिहिलं, पुनर्वसनाच्या अभ्यासकांनी लिहिलं, जागतिक बँकेनं लिहिलं. पोलिसांबद्दल मात्र दोन-चार ओळींपलीकडे फारसं कुठं सापडत नाही. अर्ध्या तासापूर्वी बंदोबस्त संपवून आडवा झालेला हवालदार ढिगाऱ्यांपाशी आधी पोचला, कारण तो सर्वांत जवळ होता. तो ज्या व्यवस्थेचा शेवटचा माणूस होता, ती या भागात कशी घडली आणि त्या पहाटे तिच्याकडून काय मागितलं गेलं, हे नीट पाहायला हवं. माझं म्हणणं असं की मराठवाड्यात पोलीस दल सव्वाशे वर्षं वरून खाली बांधलं गेलं आणि किल्लारीनं ते खालून वर तपासून पाहिलं.

किल्लारी १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. निजामाच्या मुलखात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पोलीस म्हणून सगळ्या मुलखाचं एक वेगळं खातं असं नव्हतंच. तालुकदार वसूल गोळा करी, त्याच्या दिमतीला अरब आणि रोहिल्यांच्या तुकड्या असत, आणि चोरीमारीचा बंदोबस्त ज्याच्या हाती शस्त्र त्याच्या मर्जीवर. १८५३ साली नळदुर्गचा मुलूख कर्जफेडीपोटी काही वर्षं इंग्रजांकडे गेला, तेव्हा तिथला कारभार फिलिप मेडोज टेलर या अधिकाऱ्यानं पाहिला. ठगांवरच्या कादंबरीमुळे त्याचं नाव जगभर झालं होतं. पण त्याच्याही आधी, ऐन विशीच्या उंबरठ्यावर, तो निजामाच्या नैर्ऋत्येकडच्या जिल्ह्यांत पोलिसांचा साहाय्यक अधीक्षक होता. ठगांचा पहिला संशय त्याला त्याच नोकरीत आला. वाटमारीचे मुडदे सापडत आणि ते कुणाच्या हद्दीत हे ठरवण्यातच वेळ जाई. हद्दीचा प्रश्न या भागात इतका जुना आहे.

१८५३ मध्येच सालारजंग निजामाचे दिवाण झाले आणि १८६५ च्या सुमारास जिलाबंदी आली. जिल्हे आखले गेले, वसुली आणि पोलीस ही कामं वेगळी झाली. जिल्ह्याच्या पोलीस प्रमुखाला मोहतमीम म्हणत, ठाण्याच्या प्रमुखाला अमीन. खाली जमादार आणि जवान. दप्तर उर्दूत. शेजारच्या इंग्रजी मुलखात १८६१ च्या पोलीस कायद्यानंतर जे घडत होतं, त्याचीच ही संस्थानी आवृत्ती. पण मोठा फरक होता. जहागिरी, पायगा आणि निजामाचा खासगी मुलूख यांचे स्वतंत्र कारभार चालत आणि त्यांचे पोलीसही स्वतंत्र असत. एका गावचा गुन्हेगार ओढा ओलांडून जहागिरीत शिरला की अमीनसाहेबांचा हात तिथं आखडे. १९४९ साली जहागिरी खालसा झाल्या तेव्हा हे तुकडे एकत्र आले.

गावात मात्र यातलं काहीच पोचत नसे. गावात पोचत असे तो पोलीस पाटील. संस्थानात गावपातळीवर दोन पाटील असत. माली पाटील वसुलीचा आणि पोलीस पाटील बंदोबस्ताचा, हिशेबाला पटवारी. माली पाटील आणि पोलीस पाटील ही आडनावं लातूर, नांदेड, बिदरकडे आजही घराघरांत भेटतात. पोलीस पाटील वतनदार, बहुधा गावातल्या वरच्या घराचा. रात्रीची गस्त, मुडद्याची राखण, ठाण्यापर्यंत खबर नेणं ही अंगमेहनतीची कामं मात्र महार-मांगांच्या माथी. खबर देणाऱ्याचं नाव कागदावर पाटलाचं येई आणि अंधारात चार-पाच कोस तुडवणारे पाय दुसऱ्याचे असत. पोलीस खात्याचा इतिहास लिहिताना या पायांची नोंद कुणी केली नाही, याची मला खंत वाटते.

अमीन आणि त्याचं ठाणं लोकांना कधी आपलं वाटलं नाही. चाळिशीच्या दशकात तर ते उघड शत्रू झालं. निजामाच्या बाजूनं शस्त्र घेतलेल्या रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी लातूरचा वकील. त्याच्या माणसांचे जुलूम चालू असताना ठाण्यांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं, अनेक ठिकाणी साथ दिली. नांदेडकडे बिलोलीजवळ १९४६ साली स्वातंत्र्यसैनिक गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली, ३० जानेवारी १९४८ ला उमरीची बँक स्वातंत्र्यसैनिकांनी लुटली. सरहद्दीवरच्या कँपांतून येणाऱ्या तुकड्यांची लक्ष्यं ठरलेली असत: जकातीचे करोडगिरी नाके आणि पोलीस चौक्या. स्वातंत्र्याची लढाई ज्या पिढीनं ठाण्यावर चालून जाऊन लढली, तिच्या मुलांनी पुढं त्याच ठाण्यात फिर्याद द्यायला जायचं होतं. हे अंतर एका कायद्यानं मिटणारं नव्हतं.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौज सोलापूरकडून आत शिरली. नळदुर्गचा बोरी नदीवरचा पूल हाती आला, तुकड्या उमरग्यावरून पुढं सरकल्या आणि १७ तारखेला निजाम शरण आला. मराठवाड्यात जुनी माणसं या सगळ्याला आजही ‘पोलीस अ‍ॅक्शन’ म्हणतात. रणगाडे होते, मेजर जनरल जे. एन. चौधरी होते, सरकारी कागदात मात्र ती पोलीस कारवाई. पाठोपाठ जे घडलं तेही सांगितलं पाहिजे. उस्मानाबाद, नांदेड, बिदर आणि गुलबर्गा या जिल्ह्यांत मुसलमान वस्त्यांवर भयंकर सूड उगवला गेला. पंडित सुंदरलाल यांच्या समितीनं त्याच वर्षी अखेरीस फिरून पाहणी केली. सगळ्या संस्थानातल्या मृतांचा तिचा सावध अंदाज २७ ते ४० हजारांचा होता, आणि सैनिकांवर नि स्थानिक पोलिसांवरही लुटीचा ठपका होता. तो अहवाल अनेक दशकं बंद राहिला. लातूरची तेव्हाची मोठी मुसलमान वस्ती बघता बघता ओसरली. ज्या ठाण्यांनी आधी हिंदूंना वाचवलं नाही त्यांनी नंतर मुसलमानांना वाचवलं नाही. या मुलखातल्या पोलीस दलाच्या जन्मावर या दोन्ही खुणा आहेत आणि एक सांगून दुसरी झाकणं हा त्या माणसांवरचा दुसरा अन्याय ठरेल.

पुढचा काळ कागदोपत्री झपाट्यानं सरला. शेजारच्या प्रांतांतून अधिकारी आणि शिपाई आणून दल उभं झालं, उर्दू दप्तर हळूहळू मागं पडलं. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९५१ चा मुंबई पोलीस अधिनियम इथं लागू झाला, मोहतमीमचे अधीक्षक झाले आणि अमीनचे फौजदार. १९६२ च्या कायद्यानं वतनदार पाटील गेले. १९६७ च्या ग्रामपोलीस अधिनियमानं पोलीस पाटील नव्यानं आला, तो नेमणुकीचा आणि मानधनाचा. ऑगस्ट १९८२ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यातून लातूर वेगळा काढला गेला. किल्लारी लातूरकडे आली, आणि शेजारचं सास्तूर उस्मानाबादेत राहिलं. तेरणेकाठच्या ज्या गावांमध्ये सोयरिकी होत, बाजार एक होता, भाकरीतुकडा एक होता, त्यांच्यामधून दोन पोलीस अधीक्षकांची हद्द गेली. आज तर परिक्षेत्रही वेगळं आहे. लातूर जिल्हा नांदेड परिक्षेत्रात, धाराशिव (पूर्वीचं उस्मानाबाद) छत्रपती संभाजीनगरच्या. भूकंपाला ही रेघ माहीत नव्हती.

मुंबई-पुण्याच्या वाचकाला पोलीस म्हटलं की आयुक्तालय आठवतं. आयुक्त, सहआयुक्त, परिमंडळं, चौकाचौकात चौकी. किल्लारीकडची उतरंड निराळी. जिल्ह्याला अधीक्षक, काही तालुक्यांमागे एक उपविभागीय अधिकारी, मग ठाणं. ठाण्यात प्रभारी अधिकारी, ठाणे अंमलदार, मुद्देमाल कारकून, हजेरी मास्तर आणि बीट अंमलदार. दूरच्या गावांना दूरक्षेत्र. एका ठाण्याच्या हद्दीत कित्येक गावं, एका बीट अंमलदाराकडे त्यातली पाच-दहा. त्याची खरी पुंजी लाठी नसते. कुठल्या गावात कुणाचा बांधाचा वाद आहे, कुणाचा पोरगा पुण्याला गेलाय, कुणाच्या घरात म्हातारी एकटी निजते, ही त्याची पुंजी. आणि ती त्याला मिळते पोलीस पाटलाकडून. सगळी इमारत या दोन माणसांच्या ओळखीवर उभी.

भूकंपाची चाहूल वर्षभर आधी लागली होती. १९९२ च्या ऑगस्टपासून किल्लारीला धक्के बसत होते, जमिनीतून गडगडाट येई. ऑक्टोबरात एक मोठा धक्का बसला, घरांना तडे गेले, लोक अंगणात-शेतात निजू लागले. भूकंपप्रवणतेच्या तेव्हाच्या नकाशात हा भाग सर्वांत सुरक्षित पट्ट्यात होता. धक्के ओसरले, लोक पुन्हा माळवदाखाली निजायला गेले. दगड-मातीच्या दोन-तीन फूट जाड भिंती, वर लाकडी सरे आणि त्यांवर वर्षानुवर्षं थर चढवलेली माती. उन्हाळ्यात थंडावा देणारं ते घर त्या पहाटे काही सेकंदांत झोपलेल्या माणसांवर बसलं.

६.२ ते ६.३ रिश्टरचा धक्का जगाच्या हिशेबात फार मोठा नव्हे. माणसं मेली ती घरांमुळे आणि वेळेमुळे. बावन्न गावं भुईसपाट झाली. विसर्जनासाठी जागलेली बरीच मंडळी नुकतीच आडवी झालेली. मोबाईल अजून देशात आला नव्हता, आणि अशा वेळी पोलिसांचं बिनतारी जाळं हाच सरकारचा भरवशाचा आवाज. ठाण्याचा सेट जिल्हा नियंत्रण कक्षाशी बोलतो, कक्ष मुंबईशी. पण बीट अंमलदाराला गावची खबर देणारा पोलीस पाटीलही त्याच माळवदाखाली निजलेला होता. बाहेरून येणारी कुमक वाट विचारते, घर विचारते, या ढिगाऱ्याखाली किती माणसं हे विचारते. सांगणारा त्याच ढिगाऱ्याखाली असला तर तो प्रश्न कुणाला विचारायचा? किल्लारी, तळणी, मंगरूळ, नांदुर्गा, गुबाळ, सास्तूर, होळी, पेठसांगवी. प्रत्येक गावात हाच प्रश्न.

लातूरचे जिल्हाधिकारी प्रवीणसिंह परदेशी होते. मुख्यमंत्री त्याच दिवशी पोचले. राज्य राखीव पोलीस दल आलं, लष्कर आलं, आणि पाठोपाठ आला पाऊस. पावसानं माती चिखल झाली, ढिगारे जड झाले.

आता एक कागद जवळून पाहू. कुणाचाही अनैसर्गिक मृत्यू झाला की ठाण्यात ‘अकस्मात मृत्यू’ची नोंद होते आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या तेव्हाच्या कलम १७४ प्रमाणे अधिकारी जागेवर जाऊन पंचनामा करतो. आता हे कलम नव्या संहितेत १९४ झालं आहे. कायदा सांगतो, शेजारपाजारच्या दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांच्या समक्ष मृत्यूचं वरकरणी दिसणारं कारण लिहावं. अंगावरच्या जखमा, मोडलेली हाडं, खरचटल्याच्या खुणा लिहाव्या, आणि त्या कशानं, कुठल्या हत्यारानं झाल्याचं दिसतं तेही लिहावं. शांततेच्या काळात एका मृतदेहाचा असा पंचनामा करायला दोन-तीन तास लागतात. किल्लारीत प्रतिष्ठित रहिवासी आणायचे कुठून? जे जिवंत होते ते आपल्या लेकराला उपसत होते. आणि हत्याराच्या रकान्यात काय लिहायचं? भिंत. सरा. स्वतःच्या हातानं वर चढवलेली माती.

त्याच कलमात एक वाट आहे. मृत्यूच्या कारणाबद्दल शंका नसेल तर शवविच्छेदन सक्तीचं नाही. इथं शंका कसली असणार? पडलेल्या घरांच्याच लाकडांवर सामुदायिक चिता पेटल्या. पावसात त्या पेटेनात, तेव्हा रॉकेल-डिझेल ओतलं. हे योग्यच झालं, दुसरा इलाज नव्हता. पण ज्या देहाचा पंचनामा होत नाही त्याचं नाव कागदावर चढतंच असं नाही. कागदावर नाव नसलेल्या माणसाच्या मागं राहिलेल्याला मदत मिळायची तर आधी तो मेला हे सिद्ध करावं लागतं. पुरावा कायद्याप्रमाणे बेपत्ता माणूस मेल्याचं गृहीत धरायला सात वर्षं जावी लागतात. सात वर्षं कोण थांबणार? मग आधार उरतो तो तलाठ्याच्या, ग्रामसेवकाच्या आणि पोलीस पाटलाच्या ओळखीचा: ही बाई या घरात राहत होती, हे मूल तिचं, ही दोघं आता नाहीत. भूकंपातल्या मृतांचे दोन आकडे आजही छापले जातात. काही अहवालांत ७,९२८ आहे, पुढं रूढ झालेला आकडा ९,७४८. दोन्हींत फरक १,८२० चा. एवढी माणसं दोन कागदांच्या मध्ये कुठंतरी आहेत, आणि म्हणूनच पंचनाम्याला मी निव्वळ कारकुनी समजत नाही. मेलेल्या माणसाला सरकारनं दिलेली ती शेवटची साक्ष असते.

दुसरं काम माणसांना आवरण्याचं. मदत घेऊन येणाऱ्यांच्या मागोमाग नुसतं बघायला येणाऱ्यांची रीघ लागली. लातूर-उमरगा रस्ता हाच मुख्य रस्ता. त्यावर रुग्णवाहिका, लष्करी ट्रक, धान्याच्या गाड्या आणि सहकुटुंब आलेल्या जीपा एकमेकींत अडकल्या. ढिगाऱ्यांत दागदागिने, पैसा होता, त्यावर डोळा ठेवून आलेलेही होते. अंगावरचं सोनं ओढल्याच्या तक्रारी झाल्या. नाके लावून गर्दी परतवावी लागली. दुःखात बुडालेल्या माणसाला त्याच्याच घराच्या ढिगाऱ्यापाशी जाताना ओळख विचारायची, ही कामगिरी ज्या शिपायांच्या वाट्याला आली त्यांच्या मनाचं काय झालं असेल? तेव्हा कुणी विचारलं नाही. समुपदेशन हा शब्द पोलीस खात्यात पोचायला अजून बराच काळ होता.

यातून खातं काय शिकलं? राज्यानं आपत्ती व्यवस्थापनाचा आराखडा केला, जिल्ह्याजिल्ह्यात नियंत्रण कक्ष आले. २००१ च्या भूजच्या भूकंपानंतर देशानं मनावर घेतलं आणि २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आला. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची बटालियन पुण्याजवळ बसली, राज्याच्या प्रतिसाद दलाच्या तुकड्या राखीव पोलिसांतून निघाल्या, त्या धुळे आणि नागपूरला. २०२१ पासून राज्यात मदतीसाठी ११२ क्रमांक आहे. भूकंपप्रवणतेच्या २००२ च्या नकाशात हा भाग तिसऱ्या क्षेत्रात गेला. लातूरजवळ बाभळगावला पोलिसांचं प्रशिक्षण केंद्र आहे, चाकूरला सीमा सुरक्षा दलाचं. सगळं चांगलं आहे, हवंच होतं. पण नकाशावर बोट ठेवून पाहा. पुणे, धुळे, नागपूर. पहाटे चारला किल्लारीत भिंत पडली तर यांतलं कुठलं पथक उजाडेपर्यंत पोचेल? ढिगाऱ्याखालचा माणूस वाचतो तो बहुतेक पहिल्या काही तासांत, आणि ते तास ठाण्याचे आणि शेजाऱ्यांचे असतात. ठाण्याच्या वरचे मजले वाढले. ठाण्यात मात्र पहार, टिकाव, दोर, जॅक, हातकरवत आणि ते चालवायला शिकवलेली चार माणसं असावीत, ही साधी गोष्ट आजही नियमापेक्षा अधिकाऱ्याच्या उत्साहावर अवलंबून आहे.

पुनर्वसनानं बीटचं गणितही बदललं. जुनी गावं दाटीवाटीची, गल्ल्या अरुंद, पण एका हाकेत दहा घरं जागी होत. नवी गावं चौकटीत आखली, रुंद रस्ते, सुटी सुटी घरं, जुन्या गावठाणाच्या कितीतरी पट पसारा. भूकंपाच्या दृष्टीनं हे बरोबर. पण वाडे, गल्ल्या, भावक्या विखुरल्या. जुना अंमलदार पारावर बसला की सगळं गाव त्याच्या समोरून जाई. आता गस्तीला मोटारसायकल लागते आणि तरीही पलीकडच्या ओळीत काय चाललंय ते कळत नाही. प्लॉटच्या सरहद्दी, घरांची वाटणी, मिळालेल्या मदतीवरून सख्ख्या भावांत फाटलेलं, या तक्रारी ठाण्याच्या दारी येत राहिल्या. नकाशा आखणाऱ्यांनी शाळा, दवाखाना, समाजमंदिर धरलं होतं. गस्तीचा विचार त्यात कुठं दिसत नाही.

दरवर्षी ३० सप्टेंबरला जुन्या किल्लारीच्या स्मृतिस्तंभापाशी पोलीस हवेत फैरी झाडून मृतांना मानवंदना देतात. मोहतमीम आणि अमीन यांच्या मुलखात ठाण्यानं सामान्य गावकऱ्यांना अशी सलामी द्यावी, ही गोष्ट लहान नाही. १९४८ मध्ये फौज ज्या सोलापूर-हैदराबाद रस्त्यानं उमरग्यात शिरली, १९९३ मध्ये सोलापूरकडून कुमकेची वाटही तीच. पंचेचाळीस वर्षांत त्या रस्त्यावर दिसणाऱ्या गणवेशाचा अर्थ बदलला. तो अहवालांनी बदलला नाही. चिखलात उतरून नाव विचारणाऱ्या, ते वहीत टिपणाऱ्या माणसांनी बदलला.

पोलीस पाटलाची नेमणूक आजही उपविभागीय दंडाधिकारी करतात, मानधनासाठी त्यांच्या संघटना अधूनमधून मोर्चे काढतात आणि कित्येक गावांची पदं रिकामी राहतात. एका पाटलाकडे शेजारच्या गावाचा जादा कार्यभार असला की कागद चालतो. पण त्या दुसऱ्या गावात कुठल्या घरात किती माणसं निजतात हे त्याला सांगता येत नाही. बावन्न गावांच्या नव्या वस्त्यांत तरी ही पदं एक दिवसही रिकामी राहू नयेत, आणि प्रत्येक गावाची घरवार यादी ठाण्यात दरवर्षी ताजी व्हावी. तेरणेच्या अलीकडच्या ठाण्याची यादी पलीकडच्या ठाण्यातही असावी. याला नवा कायदा लागत नाही, दोन्ही अधीक्षकांचं एक पत्र पुरतं.